आखाजीचं पाणी

नाना, तुमचा दोन दारांचा खेळ मी गेल्या आठवड्यात बिघडवला, आणि तो कसा बिघडला हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचलं नाही. शाळेतल्या बाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पुढच्या वर्षी रिटायर होताय, आता कशाला एवढं मनाला लावून घेता. त्यांचंही चुकत नाही. पण तुम्ही तसं म्हणाला नसता. तुम्ही धोतराच्या टोकानं चष्मा पुसला असता आणि विचारलं असतं, "मूल कोणत्या दारात उभं होतं ते आधी सांग." तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी धड्याची तयारी करताना मी आधी तुमच्या प्रश्नांची तयारी करते. तुम्ही मात्र एकदाही तपासायला आला नाहीत.

फैजपूरजवळच्या त्या गावातली तुमची शाळा म्हणजे एक लांबडी खोली आणि तिला समोरासमोर दोन दारं. एक रस्त्याकडे उघडायचं, दुसरं केळीच्या बागेकडे. रस्त्याकडचं दार 'घडलं' चं आणि बागेकडचं 'बोललं' चं. तुम्ही एक वाक्य म्हणायचात आणि आम्ही चौथीची सगळी पोरं उठून पळायचो. "आईनं डोळ्यांत तेल घालून बाळाला राखलं." सगळे बागेकडे. "आजीनं कानात तेल घातलं." सगळे रस्त्याकडे. "मास्तरांना बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं." बागेकडे, आणि पळताना हसून हसून पुरेवाट. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ असले जड शब्द तुम्ही वर्गात कधी आणले नाहीत. तुम्ही म्हणायचात, पाय कुठे वळले ते पोराच्या लक्षात राहतं, व्याख्या राहत नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वतः वाक्य घातलं होतं, "काल वाऱ्यानं सगळी बाग आडवी झाली." आम्ही सगळे रस्त्याकडच्या दारात. साहेबांनी कपाळावर हात मारला. बाग कुठे आडवी होते का, म्हणाले. तुम्ही त्यांना हाताला धरून मागच्या दारात नेलंत आणि आदल्या रात्रीच्या वादळानं पडलेली केळी दाखवलीत. घडासकट झोपलेली, या बांधापासून त्या बांधापर्यंत. साहेब चहा न घेताच गेले.

हा खेळ शाळेतच राहिला असता तर बरं होतं, पण तुम्ही तो घरीही आणायचात. मी दमून आले आणि "पायाचे तुकडे पडले" असं म्हटलं की जेवणाच्या ताटावरून तुमचा आवाज यायचा, "कोणतं दार?" आई भाकरी थापता थापता हसायची. ती धुळ्याकडची, लग्नाला दहा वर्षं झाली तरी तिची अहिराणी सुटली नव्हती. "तुन्हा बाप शाळा घर लई येस," असं ती मला म्हणायची आणि तुमच्या ताटात जरा जास्तच तिखट चटणी वाढायची. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. चुलीशेजारी शेवग्याच्या शेंगांची जुडी, खिडकीत तुमची चष्म्याची डबी, आणि तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांना चिडवताय. मी मध्ये बसलेली, नऊ वर्षांची, आणि हे असंच चालणार अशी माझी खात्री.

त्याच पौषात आई काविळीनं गेली. मी शेजारच्यांकडे होते. घरी आणल्यावर ज्या त्या बाईनं मला जवळ घेऊन सांगितलं, आई देवाघरी गेली, आई लांब गेली, आई निजली. मी प्रत्येकीला विचारत होते, कधी येणार? आत्यानं पदर तोंडाला लावला. मग तुम्ही मला उचलून मागच्या ओट्यावर नेलंत. तुमचा आवाज वर्गातला होता. तुम्ही म्हणालात, "बाळ, तुझी आई मेली. हे बोलणं नाही. हे घडलंय." मी तुम्हाला दोन्ही हातांनी मारलं होतं, आठवतं का? तुम्ही मारू दिलंत. कितीतरी दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पुढे मोठी झाल्यावर कळलं, की त्या घरात मला खरं सांगणारे तुम्ही एकटे होता. बाकीच्यांनी मला दारात उभं करून ठेवलं असतं, वाट बघत.

मग अक्षय्य तृतीया आली, पहिली आखाजी. आत्यानं मातीची नवी घागर भरली, तिच्या तोंडावर खरबूज, आपलं डांगर, ठेवलं, शेजारी दोन आंबे. पुरणपोळी आणि आमरसाचं ताट झालं. चुलीतल्या निखाऱ्यावर पोळीतुपाचा घास टाकून आगारी दिली आणि आईचं नाव घेतलं. आत्या मला म्हणाली, आज तुझी आई पाणी प्यायला येईल, बघ. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कोणतं दार ते सांगितलं नाहीत. निखाऱ्याकडे बघत राहिलात.

दुपारी सगळे जेवून लवंडले आणि मी घागरीजवळ बसले. थोड्या थोड्या वेळानं डांगर उचलून आत बघायचं. पाणी गळ्यापाशी, तसंच. ऊन कलायला लागलं तरी तसंच. मला रडू आलं नाही, भीती वाटली. संध्याकाळी हे पाणी तुळशीला घालायला तुम्ही घागर उचलणार, आणि ती भरलेली बघून तुम्हाला कळणार की ती आली नाही. तुम्ही दाढीसुद्धा करत नव्हता तेव्हा. मी कोपऱ्यातला पेला आणला आणि प्यायले. चार पेले प्यायले, नाना. पोट टच्च झालं. मग डांगर जसं होतं तसं ठेवून दिलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

संध्याकाळी तुम्ही डांगर उचललंत. घागरीत बघत म्हणालात, "आली होती तुझी आई." असं म्हणताना तुम्ही माझ्याकडे वळून हसलात, पौषानंतर पहिल्यांदा. दोन दारांचा माणूस! ज्यानं मला 'घडलंय' म्हणून ठणकावून सांगितलं होतं, तो माणूस चार पेले पाण्यावर विश्वास ठेवून हसत होता. आपल्या थापेवर बाप असा फुललेला बघून कुठली पोर खरं सांगेल?

त्यानंतर मी दर वर्षी प्यायले. दहावीला, डी.एड.ला, नोकरी लागल्यावर. लग्न राहिलं ते राहिलंच, त्यामुळे माहेर आणि घर माझं एकच; बाकीच्या पोरी आखाजीला माहेरी येतात तशी मी धुळ्याहून जळगावला यायची, तुम्ही रिटायर झाल्यावर घेतलेल्या मेहरूणच्या दोन खोल्यांत. तुम्ही सकाळी तलावावरून फिरून येताना डांगर आणायचात, मी घागर भरायची, दुपारी तुम्ही वामकुक्षी घ्यायचात आणि मी पेला घेऊन घागरीशी. पस्तिशीची बाई, शाळेत पन्नास पोरांवर दरारा, आणि चोरून पाणी पितेय. संध्याकाळी तुम्ही डांगर उचलायचात आणि तेच म्हणायचात. कधी कधी वाटायचं, पाणी माझ्या चार पेल्यांपेक्षा जरा जास्तच खाली गेलंय. पण मातीची घागर, ती पाझरणारच, असं म्हणून मी सोडून द्यायची.

मग ते निवडणुकीचं वर्ष. मला ड्युटी लागली, नेमकी आखाजीच्या दिवशी ट्रेनिंग. मी साहेबांच्या हातापाया पडले, पण रद्द झाली नाही. दिवसभर माझं लक्ष त्या कागदांत नव्हतं. आज घागर भरलेली राहणार, आज नानांना कळणार. संध्याकाळी एसटीडी बूथवरून तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. तुम्ही यायला बराच वेळ लागला. मी काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "अगं, यंदाही आली होती तुझी आई. चांगलं प्यायली पाणी."

त्या बूथच्या काचेला मी किती वेळ टेकून उभी होते, कोण जाणे. बूथवाल्यानं पाणी दिलं. मी प्यायले नव्हते, नाना. पन्नास मैलांवर होते. मग पाणी कोणी प्यायलं? मी सातपुड्याच्या पोरांना घडलं आणि बोललं शिकवणारी बाई, आणि तेव्हापासून मनाच्या एका कोपऱ्यात मी हे धरून चालले, की त्या एका वर्षी आई आली होती. मी नव्हते म्हणून तुमच्यासाठी ती खरंच आली. कोणाला सांगितलं नाही. घरात एकटी असले की ते काढून बघायची आणि परत ठेवून द्यायची. फार पुरलं मला ते.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. माझी शाळा शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या वर्गाला दार एकच आहे, म्हणून मी खडूनं फरशीवर दोन दारं काढते. पोरं पळाली, हसली, सगळं छान चाललं होतं. मग मी म्हटलं, आता तुम्ही वाक्यं द्या. एक मुलगी आहे, अबोल, हुशार, तेल लावून घट्ट वेणी घालून येते. वेणी बाप घालतो, हे गाठीवरून कळतं. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मन्ही माय आखाजीले पाणी पेवाले येस." पोरं गोंधळली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मागून कोणीतरी ओरडलं, "नवी घागर पाझरसच!" आणि हशा झाला. मला त्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक. धडा बिघडेल असं वाटलं, की माझीच चोरी उघडी पडेल असं वाटलं? मी पट्टी खडूच्या दारावर ठेवली आणि म्हटलं, "हे बोलण्याचं. सगळे या दारात."

सगळे आले. ती आली नाही. दोन दारांच्या मधल्या मोकळ्या फरशीवर ती खाली बसली, दप्तर मांडीवर घेऊन, आणि सुटी होईपर्यंत उठली नाही. मी समजावलं नाही. चुकलेल्या बाईसारखी फळा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मी तीन दिवस स्वतःला विचारलं. मला तुमचा रागही आला. तुम्ही मला दारं शिकवलीत, पण आखाजीचं पाणी कोणत्या दारातलं हे विचारायच्या वेळी निखाऱ्याकडे बघत बसलात.

आज आखाजी. सकाळी मी माझी घागर भरली, तुमची आणि आईची मिळून एकच. एकट्या बाईला दोन घागरी कशाला. डांगर ठेवलं, आंबे ठेवले, आणि साडेनवाची एसटी पकडली. गावात लिंबाच्या झाडांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. मला बघून म्हणाल्या, या बाई, झोका घ्या. मी हात हलवला. मुलीचं घर शेवटच्या गल्लीत. ती अंगणाच्या टोकाला झोक्याजवळ होती, मला बघून मान फिरवली. बाप दारात आला. चांगला उंचापुरा माणूस, हाताला पुरण लागलेलं. मी म्हटलं, भाऊ, माझं चुकलं वर्गात, तिची माफी मागायला आले. तो संकोचला. मला आत घेऊन पाट दिला. घागर तिथेच होती, भिंतीशी.

मग त्यानं बाहेर एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुमले सांगस. ती खेळाले जास तव्हय मीच दोन-तीन पेला काढी लेस. संध्याकाळे घागर भरेल दिसनी ते पोर रातभर रडी. तिले वाटस, माय उनी नही." मग म्हणाला, "पोरले सांगू नका, बाई."

नाना, मी त्या पाटावर बसले होते आणि मला त्याचं पुढचं काही ऐकू आलं नाही. मला तुमच्या मेहरूणच्या खोलीतली दुपार दिसत होती. मी प्यायला जाण्याआधी, मी आंघोळीला किंवा आंबे आणायला गेल्यावर, तुम्ही घागरीशी वाकलेले. माझ्या चार पेल्यांपेक्षा खाली गेलेलं पाणी. वामकुक्षी घेणारा माणूस कधी घोरला नाही, हे मला इतक्या वर्षांत खटकलं नाही! तुम्ही माझ्यासाठी पीत होता, मी तुमच्यासाठी, आणि संध्याकाळी दोघं मिळून एकमेकांना फसवत होतो. आणि त्या निवडणुकीच्या वर्षी तुम्ही एकटेच प्यायलात आणि फोनवर ते मला सांगितलंत, मला आईशी चुकामूक झाल्याचं वाईट वाटू नये म्हणून. आई आली नव्हती. आलेले होतात ते तुम्हीच.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी जे झालं ते खरं सांगते, माझ्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं तेवढी एकच भेट होती माझ्याजवळ.

तेवढ्यात ती मुलगी आत आली. माझ्याकडे न बघता घागरीजवळ गेली, दोन्ही हातांनी डांगर उचललं, आत बघितलं आणि मग माझ्याकडे वळली. आवाजात भांडण होतं. "देखा बाई. कमी व्हयनं. माय ई गई." बाप माझ्याकडे बघत होता. त्याच्या बोटांवरचं पुरण सुकलं होतं. मी उठले, घागरीत वाकून बघितलं, अगदी नीट, तपासणीच्या साहेबांसारखं. म्हटलं, "हो गं. आली होती तुझी आई." तुमचंच वाक्य होतं, तुमच्याच आवाजात निघालं. तिनं मला पुरणपोळी वाढली. सोमवारी शाळेत येते म्हणाली. मी तिला कोणतं दार ते सांगितलं नाही, आणि या पोरांच्या वर्गात ते मी कधी सांगणार नाही. फरशीवर मधे जागा सोडलेली आहे, तेवढी पुरे.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. शेजारची बाई माहेरहून सासरी चाललेली, मांडीवर आंब्यांची पिशवी. तिनं विचारलं, माहेरी गेला होता का? मी हो म्हटलं.

आता संध्याकाळ आहे. दिवा अजून लावला नाही, उजेड आहे. घरी आल्यावर मी थेट घागरीकडे गेले. यंदा मी एक थेंबही प्यायले नव्हते, आणि घरात दुसरं कोणी नाही. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. सकाळी निघताना मात्र मी एक वेडेपणा केला होता, तो तुम्हाला सांगून टाकते: घागरीशेजारी एक धुतलेला पेला ठेवला होता. पेला कोरडाच होता. डांगर उचललं. पाणी दोन बोटं खाली गेलेलं. घागर नवी आहे, खालची ताटली ओली आहे, मी बोट लावून बघितलं. चौथीतलं पोरसुद्धा सांगेल, हे काय ते.

तरी मी मोठ्यानं म्हटलं, "आला होतात." खोलीत कोणी हसलं नाही, कोणी वळून बघितलं नाही. मग पेला भरून घेतला आणि बसून सावकाश प्यायले. आज कोणाला दाखवायचं नव्हतं, नाना. मला तहान लागली होती.